खुडूक कोंबडी आणि बाईजींचा कूलर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या लेकी माहेरी येतात. मी मात्र आखाजीच्या तोंडावर माहेर सोडून निघाले होते. धुळ्याहून आलेल्या यष्टीतून आमच्या गावच्या पोरी बोचकी सांभाळत, हसत खाली उतरत होत्या आणि मी त्यांना धक्के देत वर चढत होते. ह्यांना भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरी लागली होती. खोली मिळेपर्यंत मी मायकडं राहिले होते, आणि खोली नेमकी आखाजीच्या आठवड्यात मिळाली. खिडकीतून झोक्याची गाणी ऐकू येत होती. रडावं असा बेत होता, पण मांडीवर कोंबडी असताना कसलं रडताय?

मायनं चढता चढता माझ्या मांडीवर टोपली ठेवली होती. वर जुन्या लुगड्याचा तुकडा, आत भुशावर अंडी आणि अंड्यांवर तिची काळी कोंबडी, खुडूक बसलेली. ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, खुडूक म्हणजे कोंबडीच्या अंगात आई शिरते. खाणं सुटतं, हिंडणं सुटतं, पिसं फुलवून ती एका जागी बसते आणि जवळ जाल तर बोट फोडते. तशी ती यष्टीत बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, रस्त्याच्या खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली, पण ती हलली नाही. शेजारची बाई सारखी विचारत होती, टोपलीत काय आहे? मी सांगितलं, कैऱ्या. तेवढ्यात कैऱ्या गुरगुरल्या.

टोपलीत अंड्यांबरोबर मायनं एक लोखंडी खिळा, एक कोळसा आणि वाळलेली मिरची ठेवली होती. आभाळ गडगडलं तर अंडी नासतात, खिळ्यानं ती वाचतात, असं तिचं म्हणणं. मी मॅट्रिक झालेली. त्यातून शाळेच्या सहलीत धुळ्याचा सरकारी कोंबडीफार्म बघितलेला. तिथं कपाटाएवढं उबवणीचं यंत्र होतं, खण ओढला की अंड्यांच्या रांगाच रांगा. घरी येऊन मी मायला ऐकवलं होतं की आता कोंबडीची गरजच उरली नाही. माय भाकरी थापत म्हणाली, "मशीन खुडूक बठस का?" मी हसले होते. किती शहाणी होते मी. आज भेटली असती तर त्या पोरीला वेणी धरून टोपलीखाली डालून ठेवलं असतं.

निघताना माय एवढंच म्हणाली, "अर्धा पिल्ला तुना, अर्धा मना. इसरू नको." आमच्याकडं रीतच आहे. एकीची अंडी आणि दुसरीची खुडूक कोंबडी असली की पिलं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. इथं तर अंडीही तिची आणि कोंबडीही तिची. मग माझी निम्मी कशाची? हा हिशेब मला तेव्हा कळला नाही. पिलं परत आणून द्यायला लेकीला यावंच लागेल, एवढा साधा डाव होता तो.

भुसावळला रेल्वेचं क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून ह्यांनी एका मारवाडी जैन घराच्या मागची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली बाईजी म्हणायची. किराण्याचं दुकान मुलगा बघायचा, घर बाईजी बघायच्या. पांढरी साडी, हातात जपमाळ, आणि बारीक डोळे असे की आपल्या पोटातली भाजी ओळखतील. त्यांची अट एकच होती. "आमच्या छताखाली मांस-अंडं येणार नाही." ह्यांनी मान डोलावली होती. हे मला कळलं तेव्हा टोपली खोलीत येऊन कॉटखाली सरकलेली होती. मी म्हटलं, आपण खायला थोडीच आणलीत? नवऱ्यानं कपाळावर हात मारला. नोकरी नवी, संसार नवा आणि कॉटखाली गुन्हा.

ऐन वैशाखातलं भुसावळ ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पत्रा असा तापायचा की दुपारी भिंतीलाही टेकवत नसे. शंटिंगच्या इंजिनांच्या शिट्ट्यांत कोंबडीचा आवाज बुडून जायचा, एवढीच देवाची कृपा. ती मात्र चोच उघडी टाकून, धापा टाकत बसून असायची.

अशात माझा भाऊ कामाला आला होता तो उभ्या उभ्या भेटून गेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, गावात मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग, मान वाकडी होते आणि संध्याकाळपर्यंत खुराडं रिकामं. मायची एकही कोंबडी राहिली नव्हती, कोंबडाही गेला. तिच्या आईकडून आलेली काळी जात होती ती, तिनं लग्नात रुखवताबरोबर आणलेली. भाऊ म्हणाला, "माय बोलत नही. रिकामं खुराडं रोज झाडी राह्यनी."

तो गेला आणि मी कॉटखाली वाकून बघितलं. मायची सगळी जात त्या टोपलीत होती. कोंबडी पुढं अंडी देईल, पण कोंबड्याशिवाय ती अंडी नुसती पोळी करून खायलाच. पिलं होणार असतील तर याच अंड्यांतून.

मग मी जे केलं ते खानदेशातल्या इतिहासात कुणा शहाण्या बाईनं केलं नसेल. कोंबडी उन्हानं मेली तर, या भीतीनं मी तिला उचललं आणि थंड पाण्याच्या बादलीत छान बुडवून काढलं. प्रेमानं. पोटाची पिसं चोळून चोळून. माय असं करायची हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. कधी करायची, हे विचारायचं मात्र राहिलं होतं. कोंबडीचं खुडूक मोडायचं असेल तेव्हा करायची. पोट गार झालं की तिच्या अंगातली आई निघून जाते.

आमची निघून गेली. कोंबडीनं पंख झाडले, अंड्यांकडं एकदा परक्या बाईसारखं बघितलं आणि दारातून तरातरा बाहेर पडून थेट बाईजींच्या अंगणात गेली. तिथं बाईजी मुगाच्या पापडांना ऊन दाखवत होत्या. कोंबडी पापडांवरून चालत गेली.

कोंबडीच्या ओल्या पावलांवरून माग काढत बाईजी आमच्या दारात आल्या. टोपली उघडी होती.

"हे काय?"

कैऱ्या तर म्हणता येईना. मी दार लावून घेतलं, खिडकीला गोधडी अडकवली आणि खुंटीवरची ह्यांची बॅटरी काढली. फार्मवरच्या माणसानं मुठीत अंडं धरून असं उजेडात दाखवलं होतं, ते आठवलं. खरं तर अंड्यांत काही उरलंय का, हे मलाच बघायचं होतं. बॅटरीच्या काचेवर अंडं टेकवलं आणि दोघी त्यावर वाकलो.

अंडं आतून शेंदरी पेटलं होतं. त्यात लाल शिरांचं जाळं, कोळ्यानं विणावं तसं बारीक, आणि जाळ्याच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका. तो हलत होता. थांबत नव्हता. बाहेर एक मालगाडी धडधडत गेली, तरी तो आपल्याच तालात हलत राहिला. त्या पत्र्याच्या भट्टीत माझ्या अंगावर काटा आला. मी जन्मभर अंडी पाहिली होती, पण अंड्यात कुणीतरी आहे हे मला त्या दुपारी कळलं. कोंबडी उठून गेली तरी अंडी गार पडली नव्हती. भुसावळच्या उन्हानंच त्यांना धरून ठेवलं होतं.

मी बाईजींना सगळं सांगितलं. माय, मानमोडी, बादली. बादलीला त्या किंचित हसल्या असाव्यात, अंधारात नीट दिसलं नाही. मग म्हणाल्या, "आत आण. इथं मरतील ती. पण ऐक, यातलं एकबी कापायचं नाही. तुझ्या घरी नाही, तुझ्या आईच्या घरी नाही. नंतर त्यांची जी होतील तीबी नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्या वेळी मी भुसावळ जंक्शनसुद्धा लिहून दिलं असतं.

बाईजींच्या मधल्या खोलीत वाळ्याचा कूलर होता, गल्लीतला एकुलता एक. हे ड्युटीवरून आले तेव्हा घर सोडावं लागणार म्हणून ट्रंक उघडायला लागले. मी त्यांना तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा, बल्ब आणि वायर जमवायला लावलं. डब्यात भुसा, पाण्याची वाटी, वर पोत्याचा तुकडा. फार्मवर सांगितलं होतं, कोंबडीच्या पोटाखाली माणसाला ताप आल्यासारखी ऊब असते. म्हणून आम्ही घरातला तापाचा थर्मामीटर लावला. तो एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरेना, त्यामुळं मी दिवसभर अंड्यांचा ताप बघत आणि हात झटकत बसायची. एकीकडं कूलर, एकीकडं बल्ब. खोली गार करायची आणि त्या गार खोलीत डबा तापवायचा. वीज गेली की दोन्ही बंद, मग भुसावळची हवा आपणहून अंडी सांभाळायची. असलं यंत्र धुळ्याच्या फार्मवरही नव्हतं.

खिळा, कोळसा आणि मिरची मी गुपचूप डब्यात टाकली. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत होतं, त्याला काय दिसतंय?

अंडी फिरवायचं काम माझं. बाईजी अंड्याला हात लावत नसत. डब्याशेजारी पाट मांडून त्या जप करायच्या, सकाळी आणि दुपारी, त्याच संथ आवाजात. मी म्हटलं, बाईजी, अंड्यांना ऐकू जातंय. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. चांगलंच ऐकतील."

तीन आठवडे भरत आले आणि एका सकाळी जप मध्येच थांबला. बाईजींनी मला खूण केली. डब्यातून बारीक चिवचिव येत होती, पण अंडी तर सगळी बंद. मी जवळ जाऊन बघते तोच बाईजींनी हात पुढं केला. ज्या बाईनं आयुष्यात अंड्याला स्पर्श केला नव्हता, तिनं एक अंडं ओंजळीत उचललं आणि कानाशी धरलं. डोळे मिटले.

"बोलतंय," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत कवचाला टवका उडाला. आतून एक चोच यायची, दमायची, थांबायची. मी मदत करायला हात घातला तर बाईजींनी माझ्या मनगटावर चापट मारली. त्याचं त्याला येऊ दे. ते आलं. ओलं, वेडंवाकडं, धुण्याच्या पिळ्यासारखं. बघता बघता वाळलं आणि काळ्या कापसाचा गोळा झालं. मग दुसरं, तिसरं. काही अंडी तशीच राहिली, तो दोष माझ्या बादलीचा की बल्बचा कुणास ठाऊक. पण आली ती सगळी मायची होती, चोचीपासून नखापर्यंत काळी.

आणि आता ऐका. दुसऱ्या दिवशी बाईजी पाटावर बसल्या, जप सुरू केला आणि डब्यातली सगळी पिलं एकदम त्यांच्या बाजूला गोळा झाली. मी बोलावलं तर एकही वळेना. अंड्यात असल्यापासून त्यांनी तोच आवाज ऐकला होता. मायच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. मशीन खुडूक बसत नाही, पण मशीनशेजारी कुणीतरी बसावं लागतं.

पोळ्याच्या आधी मी गावी गेले, निम्मी पिलं आणि ती काळी कोंबडी घेऊन. यष्टीत मी कुणालाही कैऱ्या म्हटलं नाही. मायनं टोपली उघडली, एकेक पिलू उचलून पाय बघितले, पंख बघितले आणि झाडलेल्या खुराड्यात सोडलं. पदर तोंडाशी गेला. मग मी बाईजींची अट सांगितली. माय जोत्यावर बसली आणि मोठ्या विचारानं म्हणाली, "आते जवाई उना ते काय रांधू? तुनी बाईजीले इचार."

पण पाळली तिनं. त्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. कोंबडे जास्त झाले की ती दुसऱ्या गावी देऊन टाकायची. पुढं त्यांचं काय झालं, ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि बाईजींनीही विचारलं नाही. आमचे हे पुढं जन्मभर सासुरवाडीला शेवभाजीच खात आले. क्वार्टर मिळाल्यावर मी गल्ली सोडली, पण बाईजींना त्यांच्या पिलांची खबर देत राहिले, त्या होत्या तोवर.

आता मी पुण्याला मुलाकडं असते, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. माय नाही, बाईजी नाहीत, हेही नाहीत. यंदा नातीनं ऑनलाइन इनक्युबेटर मागवला. आपोआप अंडी फिरवतो, ऊब आणि ओल आकड्यांत दाखवतो. अंडी गावाहून वहिनीनं पाठवली, त्याच काळ्यांची. नात म्हणते, आजी, तू काही करायचं नाहीस, हा सगळं करतो. ती कॉलेजला गेली की मी झाकणावर खिळा, कोळसा आणि मिरची ठेवते आणि शेजारी खुर्ची ओढून बसते. बाईजींचा जप मला येत नाही. मी अहिराणीत बोलते. गावात कोण गेलं, कुणाकडं पाळणा हलला, केळीला काय भाव आलाय. पिलं बाहेर आली तेव्हा नात हाका मारमारून दमली, आणि ती माझ्या पायाशी.

संध्याकाळी वहिनीला फोन लावला. सांगितलं, वहिनी, पिलं निघाली, निम्मी तुझी, आखाजीला घेऊन येते. तिला आनंद झाला. मग तिनं विचारलं, अजून कापायची नाहीतच ना? वहिनीनं बाईजींना कधी पाहिलेलं नाही. भुसावळची ती मधली खोलीही पाहिलेली नाही.

"नाहीच," मी म्हटलं.

"बरं व्हयनं इचारं," ती म्हणाली. "आखाजीले जवाई यी राह्यना. शेवभाजी टाकस मंग."