जळकोटच्या स्टॉपवरची दोन मिनिटं

तुळजापूर सोडून वीस मिनिटं झाली असतील. तिसऱ्या सीटवरच्या मावशींनी मला विचारलं, "लेकी, कळंब आलं का?"

कळंबला तर त्या सकाळी बसल्या होत्या. तिकीट उमरग्याचं, भावाच्या गावाचं. मी त्यांच्या कपाळाला हात लावला तर घामानं गार लागलं. हात थरथरत होते, पण मांडीवरचा स्टीलचा डबा त्यांनी सोडला नव्हता.

मी एसटीत कंडक्टर. चौदा वर्षं झाली. भाऊबीजेला आमच्या कळंब-उमरगा गाडीत पाय ठेवायला जागा नसते. निम्म्या बाया भावाकडं निघालेल्या असतात.

"मावशी, शुगर आहे का तुम्हाला?"

"हाय की." शब्द जड पडत होते. "गोळी घेतलीय सकाळी. डॉक्टरनं सांगितलंय, चुकवायची न्हाय."

"आणि खाल्लं काय?"

"भावाला ओवाळल्याबिगर खात न्हाय म्या. पाणी बी गोळीपुरतंच."

माझ्या सासूबाईंना शुगर आहे, म्हणून मला हे कळलं. शुगरची गोळी रक्तातली साखर खाली आणते. पोट रिकामं असेल तर ती नको तितकी खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणं भरकटतं. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर आधी साखर द्यायची. बाया प्रवासात पाणी का पीत नाहीत, हे मात्र मला कुणी शिकवायला नको. वाटेत बाथरूमला जायची धड सोय मिळेल याचा भरवसा नसतो. मी स्वतः ड्युटीवर चौदा वर्षं तेच करत आले होते.

घंटीची दोरी एकदा ओढली. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. आमचे ड्रायव्हर काळेमामा, त्यांनी एका चहाच्या हॉटेलसमोर गाडी बाजूला घेतली. मी उतरले आणि अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून आणली. मावशींनी तोंड फिरवलं.

"ओवाळल्यावर पिते."

मांडीवर लाडवांचा डबा आणि अंगात साखर नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

काळेमामा म्हणाले, "नळदुर्गला दवाखान्यात सोडू. लेट झालं तर झालं."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "नगं. तिथं ठिवून घेतलं तर ओवाळायचं ऱ्हातंय. आदी त्योच न्यायला यायचा मला, फटफटीवर. लकवा झाला तवापासून येत न्हाय. तीन सालांनी चाललेय म्या."

पिशवीत भावाचा नंबर लिहिलेला कागद होता. मी फोन लावला, काय झालंय ते सांगितलं आणि स्पीकर चालू केला.

"अक्का, तू उपाशी हाईस व्हय?" आवाज अडखळत येत होता. "म्या तर सकाळीच पोहे खाल्ले."

मावशी फोनकडं बघतच राहिल्या. "माज्या आदी खाल्लंस?"

"गोळी घ्यायची असती न्हवं. उपाशी ठिवत न्हायत मला. तू पी ते पाणी. खा आन् ये. म्या खिडकीतच बसलोय सकाळधरनं."

मावशींनी ग्लास घेतला. सगळा संपवला. दहा-बारा मिनिटांत घाम थांबला, नजर ताळ्यावर आली. मग हॉटेलातली चार बिस्किटं खाल्ली, मी पुरे म्हणेपर्यंत. आपला पोरगा उमरग्याच्या स्टँडवर येऊन अक्काला आधी डॉक्टरकडं नेईल, असं भावानं कबूल केलं. मी दोरी दोनदा ओढली.

तेवढ्यात कंट्रोलर साहेबांचा फोन आला. गाड्यांच्या वेळा बघणारे ते.

"पंचवीस मिनिटं लेट कशी?"

"पेशंट होती, साहेब."

"अँब्युलन्स बोलवायची."

"साखर जवळ होती, साहेब."

"बरं. रिपोर्ट लिहा."

रिपोर्टचं मला काही नव्हतं. माझं लक्ष घड्याळाकडं होतं, कारण पुढं जळकोट होतं. तिथं माझा दादा राहतो. दिवाळीत जादा गाड्या असतात आणि मला रजा मिळत नाही. दरवर्षी दादा स्टॉपवर येऊन उभा राहतो. गाडी दोन मिनिटं थांबते, मी दारातनं उतरते, कुंकू लावते, ओवाळते, डबा देते, डबा घेते. या गाडीवर आल्यापासून अकरा भाऊबीजा अशा झाल्या. त्याच्या घरात पाटावर बसवून ओवाळावं, वहिनीच्या हातचं गरम जेवावं, असं फार वाटतं. पण गाडी लेट असली की तीही दोन मिनिटं जातात.

लांबून दादा दिसला. मी काळेमामांना म्हणाले, "उतरणारं कुणी नाही. थांबू नका."

मावशींनी मागून माझा हात धरला. "कोन हाय त्यो?"

"भाऊ."

"मग थांबव की गाडी. माज्यापायी लेट झालाव न्हवं, म्या सांगते साहेबाला." मग माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "तू काय खाल्लीस सकाळी?"

मी तिकिटं मोजायला लागले.

"पाणी?"

काळेमामांनी न विचारताच ब्रेक दाबला.

दादानं माझे सुकलेले ओठ बघितले आणि आधी पाण्याची बाटली पुढं केली. मी प्यायले. नंतर ओवाळलं. तो म्हणाला, "एकदा घरला ये गं." मी मान हलवली आणि पायरी चढले. दोन मिनिटांतलं एक मिनिट पाणी पिण्यातच गेलं होतं.

त्या दिवसापासून तिकीट देताना म्हाताऱ्या माणसांना विचारते, गोळी घेतली का, आणि तिच्यासोबत खाल्लं का. बाटली सीटजवळ ठेवते आणि स्टँडवर गाडी लागली की बायांना सांगते, जाऊन या, मी गाडी सोडत नाही.

यंदाही रजा मिळाली नाही. मी भाकरी खाऊन, पोटभर पाणी पिऊन ड्युटीवर गेले. जळकोटला दोन्ही मिनिटं दादाकडं बघायला मिळाली.