वाटेत बसणारी गाडी

मेंढरं विकली तेव्हापासून बानूबाईला एका जागी बसता येत नव्हतं. उभा जन्म कळपामागं चालण्यात गेलेला. आता दावणीला दोन म्हशी आणि दारात मोटरसायकल. म्हशी जागच्या हलत नाहीत, म्हणून तिचा जीव गाडीत अडकला. पहाटे उठून अंगण झाडायची, झाडलेलं पुन्हा झाडायची, आणि मुलानं, बिरूनं, दुधाच्या किटल्या अडकवायच्या आत हळदीच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन गाडीपाशी उभी राहायची. चरायला निघताना कळपाच्या म्होरक्या एडक्याच्या कपाळाला ती असाच भंडारा लावी. एडक्यासकट कळप गेला तेव्हा गाडी आली, मग भंडारा गाडीच्या दिव्याला. वाऱ्यानं उडू नये म्हणून तेलात कालवलेला. त्या वर्षी दसऱ्याला दिव्याभोवती झेंडूची माळ होती, तेव्हा तिनं तो पेट्रोलच्या टाकीच्या गोल झाकणावर लावला. ती जागाच तिला कपाळासारखी वाटली. पुढं रोज तिथंच.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या त्या वाडीला रस्ता नव्हता. गोट्यांचा माळ, मग ओढा, पलीकडं चढ, आणि चढ ओलांडल्यावर कुठं डांबर. बिरूनं त्या बेतानं गाडी करून घेतली होती. मागं खोल खाचांचं टायर आणि ओढ्यात बुडू नये म्हणून वर उचलून बांधलेला सायलेन्सर. वाडीचं सगळं दूध तो इंदापूरच्या संकलन केंद्रावर पोचवायचा.

दसऱ्यानंतर गाडी वाटेत बसायला लागली.

दारात पहिल्या किकला सुरू व्हायची. ओढा ओलांडून चढाला लागली की आचके देत बंद. बिरू प्लग काढून पुसायचा, टाकी उघडून पेट्रोल आहे का बघायचा. पेट्रोल असायचंच. किक मारली की सुरू, आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा तेच. इकडं बानूबाई बांधावर उभी राहून आवाज ऐकायची. आवाज तुटला की ती कान टवकारायची. पुन्हा सुरू होईतो ती बांधावरून हलायची नाही.

"मेंढरू बसलं तर शेपूट तरी पिरगाळता येतं," ती सुनेला, जयवंताला, म्हणायची. "हिचं काय पिरगाळायचं?"

इंदापूरच्या गेणबा मिस्त्रीनं कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, नवा प्लग टाकला. टाकीचं झाकण काढून बाकड्यावर ठेवलं आणि विडी ओढत बराच वेळ गाडी चालू ठेवली. बंद पडेना.

"गाडीत काय न्हाय बिरू. माळावर तू करतोस काय तिचं?"

"दूध नेतो."

"मग दुधालाच इचार."

गाडी परत आली. झाकण पुन्हा घट्ट लावलेलं, आणि चढाला पुन्हा तेच. बानूबाई म्हणाली, नजर लागलीय, आणि भंडारा दुप्पट केला.

ऑक्टोबरचं ऊन. वाटेत खोळंबलेलं दूध नासायला लागलं. केंद्रावरच्या दादासोंनी एका सकाळी किटलीचं झाकण उघडून नाक मुरडलं. "बिरूराव, उद्या आंबट आलं तर तुमच्या वाडीची दुधाची लाईन टेंपोवाल्याला."

"टेंपो ओढा वलांडनार न्हाय, दादा."

"मग वाडीनं डोक्यावर आणावं डांबरापर्यंत."

जेवताना बिरूनं हे घरात सांगितलं. भाकरी तशीच ताटात. "लाईन गेली तर गाडी तरी कशाला ठिवायची? विकून शेळ्या घिऊ."

"माझी मेंढरं घालून ही घेतली," बानूबाई म्हणाली. "आता हिला घालून शेळ्या. मग शेळ्या घालून काय, कोंबड्या?"

जयवंतानं ताटात बघत हसू गिळलं. मग म्हणाली, "उद्या मी येते संगं. बंद पडली तर दोघं ढकलू."

दुसऱ्या दिवशी दोन किटल्यांच्या मधे, एका किटलीवर पाय टेकवून जयवंता मागं बसली. चढावर गाडी बसली. बिरू प्लगचा पाना शोधायला लागला.

"आधी पेट्रोल बघा की," म्हणत तिनंच झाकण फिरवलं. सूं करून आवाज आला, टाकीनं आत वारा ओढल्यासारखा.

"कसला आवाज वो ह्यो?"

"मला न्हाय ऐकू आला." बिरूनं झाकण लावून किक मारली. सुरू. पुढं चढाच्या माथ्याला पुन्हा बंद. या वेळी तिनं त्याला प्लगला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं, सूं. दोघांनीही ऐकलं.

तिनं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. वर पिवळा थर, वाळलेल्या पिठल्यासारखा. बांगडीतली पिन काढून ती खरवडत राहिली, तेव्हा मधोमध एक बारीक भोक निघालं.

बिरू बघत राहिला. "वारा आत जाईना, मग पेट्रोल खाली कसं उतरंल," तो म्हणाला, आणि पुढं कुणालातरी शिवी दिली. कुणाला, ते त्यालाही ठरवता येईना.

"आत्याबायला गेल्या गेल्या बोलू नका," जयवंता म्हणाली.

दूध वेळेत पोचलं. दादासोंनी वास घेतला, मापाला घेतलं.

बानूबाई बांधावरच होती. आज आवाज दोनदा तुटलेला तिनं मोजला होता. "गेली का लाईन?"

"न्हाय गेली," जयवंता म्हणाली.

बिरूला मात्र गप्प बसवेना. "आयं, तुझ्या भंडाऱ्यानं बंद पडत हुती गाडी."

बानूबाईनं सुनेकडं बघितलं. सून जमिनीकडं बघत होती. मग तिनं जवळ जाऊन झाकणावर बोट फिरवलं. "एवढंसं भोक?"

"त्यातनंच वारा घेती ती, आत्याबाय."

"म्हंजी मी रोज हिचं नाक दाबीत हुते." तिनं झाकणावरनं बोट उचललं. "आन तुमी बसला प्लग पुशीत." आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिनं जेवायला नको म्हटलं, नंतर चुलीपुढं उभ्यानंच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आली. हात सवयीनं झाकणावर गेला, अधांतरी थांबला. तिनं दिव्याला बोट टेकवलं, उरलेलं पदराला पुसलं.

गाडी गेली. बानूबाई बांधावर. ओढ्यात आवाज दबला, चढाला वर आला. आवाज तुटला नाही. बारीक होत चढाच्या पलीकडं गेला आणि ऐकू यायचा थांबला.

आता तिथं उभं राहायचं काही कारण नव्हतं. ती परत आली आणि खराटा उचलला.

"आत्ताच तर झाडलं, आत्याबाय."

"आसू दे," बानूबाई म्हणाली, आणि झाडायला लागली.