दोन चाकांचं धनुष्य आणि चंदनाची वाटी

आमच्या तंजावूरच्या घराण्यात गेल्या शंभर वर्षांत बाण लागून गारद झालेली एकमेव वस्तू म्हणजे मामंजींची पाण्याची टाकी. बाण मी मारला नव्हता. धनुष्य मात्र मी पसंत केलं होतं, आणि तेही इतक्या मनापासून, की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मी गडहिंग्लजकडची. शाळा नववीत सुटली (सुटली म्हणजे मीच सोडली, भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी) आणि चार वर्षांनी लग्न होऊन तीन गाड्या बदलत थेट तंजावूरला येऊन पडले. सासर मराठ्यांचंच, पण इथे येऊन कैक पिढ्या झालेल्या. घरात मराठीच बोलतात, जुन्या वळणाची आणि तमिळ चालीची. पहिले सहा महिने मला निम्मी कळायची, उरलेली मी मान हलवून भागवायची. पण देवनागरी वाचता येणारी घरात मी एकटी! त्यामुळे नववी सोडलेली मी इथे एकदम विदुषी ठरले. माझ्या मामाचं खुशालीचं पत्र मोठ्याने वाचलं तरी मामंजी हात जोडून ऐकायचे. "किती शिकलीस गं?" म्हणून कोणी एका शब्दाने टोचलं नाही. अशा माणसांच्या उपयोगी पडायची मला फार घाई असायची, आणि घाईत मी फार धोक्याची असते.

सगळ्यांत जास्त उपकार वन्संचे. माझ्या नणंद मीनाक्षी, तेव्हा कॉलेजात होत्या. दुपारी भांडी आवरली की मला इंग्रजी बोलायला आणि बसवरच्या तमिळ पाट्या वाचायला शिकवायच्या. (त्याआधी मी एकदा कोथिंबीर आणायला निघून ओरत्तनाडूला पोचले होते. कोथिंबीर तिथेही मिळते.) तर या वन्सं तिरंदाजी करायच्या. दसऱ्यानंतर बारा दिवसांनी चेन्नईत राज्याच्या संघाची निवड होती, आणि मामंजींनी अट घातली होती, "यंदा निवड झाली तर खेळ. नाही झाली तर धनुष्य माळ्यावर, नि तू बँकेच्या परीक्षेस बैस."

वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग मीही जेवले नाही. (संध्याकाळी दोघी मिळून एक डझन इडल्या खाल्ल्या, तो भाग वेगळा.)

ह्यांचा चुलतभाऊ रघूदादा अमेरिकेत होता. बाहेरच्या वस्तू आता उजळ माथ्याने देशात येऊ लागल्या होत्या. रघूदादा नवरात्रात घरी येणार होता आणि येताना वन्संसाठी कंपाउंड धनुष्य आणणार होता. म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. दोरी ओढताना आधी जड जाते, पण पूर्ण ओढली की हाताला हलकी होते. त्याने चित्रांचं पुस्तक पाठवलं आणि खाली लिहिलं, 'सिंगल कॅम की ड्युअल कॅम? रविवारी फोनवर कळवा.' (कॅम म्हणजे ते चाक.)

शनिवारी संध्याकाळी ओसरीवर सभा भरली.

"एक चाक बरं," मामंजी म्हणाले. "एक चाक, एक कटकट."

"दोन चाकांचं जोरात मारतं, अप्पा," हे म्हणाले. ह्यांना नवीन निघालेली कुठलीही गोष्ट आवडायची. घरात तेव्हा तीन प्रकारचे शाम्पू होते.

मी पुस्तकात डोकावले. "पण या एका चाकाच्या धनुष्याला पण दोन चाकं दिसतायत की."

"ते वरचं साधं गोल चाक, वैनी," वन्सं म्हणाल्या. "काम खालचं करतं. वरचं नुसतं फिरतं."

"म्हणजे आपल्या घरासारखं," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पानाला चुना लावता लावता म्हणाल्या. मामंजींनी पुस्तकाचं पान उलटलं.

वन्संनी कोचना विचारलं होतं. कोच म्हणाले होते, दोन्ही चांगली. एका चाकाच्याला कमी जपावं लागतं. दोन चाकांचं झटक्यात बाण सोडतं, पण त्याची दोन्ही चाकं एका वेळी, एका मापाने फिरली पाहिजेत. एक जरा मागे राहिलं की बाण कुठे जाईल ते बाणालाच ठाव.

मामंजी हटेनात, हे हटेनात. शेवटी मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "शालन, तू वाचलेली पोर. तू सांग."

आता खरं म्हणजे मी म्हणायला हवं होतं, की मामंजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण 'वाचलेली पोर' म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर कुठलं राहतंय! माझे वडील ट्रक चालवायचे. चाकांच्या बाबतीत आमच्या घरात एकच मत होतं, जितकी जास्त तितकी बरी.

"दोन चाकांचंच घ्या," मी ठासून म्हणाले. "एक बिघडलं तर दुसरं असतं."

मग मामंजींनी मान डोलावली. "पाहा. शिकलेलं माणूस कसं बोलतं."

धनुष्य आलं. कोचनी ते नीट लावून दिलं आणि दोन्ही चाकांवर काळ्या शाईने एकेक बारीक रेघ मारली. "दोरी ओढली की या दोन्ही रेघा सारख्या जागी यायला हव्यात," ते म्हणाले. "रोज बघायचं." परसात भाताच्या पेंढ्याचा भारा बांधून त्यावर कागद चिकटवला, आणि वन्संचे बाण असे बसायला लागले की कागदाच्या मधोमध भोक पडलं. मी येईल त्याला ते भोक दाखवायची. दूधवाल्याला दोनदा दाखवलं.

मग आली आयुधपूजा.

इकडे नवमीला घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं पूजेला मांडतात. त्या दिवशी त्यांना काम नाही. आमच्याकडे घराण्याची गंजलेली तलवार, विळी, शिवणयंत्र, ह्यांची स्कूटर, मामंजींचा चष्मा, आणि यंदा मधोमध धनुष्य. चंदन-कुंकू लावायचं काम आत्याबाईंनी माझ्यावर सोपवलं. तलवारीला मी एक टिकली लावली, स्कूटरला दोन. धनुष्याशी आले आणि वाटी घेऊन तिथेच फतकल मारली. हे वन्संचं नशीब! याला काय एका टिकलीवर भागवायचं? खालच्या चाकाला चंदन लावलं. वरच्याला दुप्पट लावलं, कारण ते वर होतं. त्यावर कुंकवाचा रुपयाएवढा टिळा, नेमका कुठे, तर चाकावर एक काळी रेघ मळासारखी दिसत होती, तिच्यावर. मग मोगऱ्याचा गजरा घेऊन चाकाच्या खाचेत असा घट्ट गुंडाळला, की दृष्ट लावायलासुद्धा जागा उरली नाही.

आत्याबाई बघून म्हणाल्या, "बायको नटवल्यासारखं नटवलंस गं."

मी लाजले. काय म्हणून लाजले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या दिवशी प्रत्येक कामाचा मुहूर्त करायचा. मुलं अक्षर गिरवतात, शिंपी टाका घालतो, वन्संनी पहिला बाण मारायचा. ह्यांची पापनाशमची आत्या आणि तिची सगळी माणसं खास बघायला आली होती. वन्संनी गजरा ओढून काढला आणि चाक पुसायला फडकं घेतलं.

"प्रसाद पुसतात होय?" पापनाशमची आत्या म्हणाली.

वन्संनी फडकं ठेवलं. गजरा निघाला होता. पण इकडे गजरा केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफतात, त्याचा एक तुकडा खाचेत तसाच राहिला, आणि वर माझं चंदन वाळून खडखडीत झालेलं. वन्संनी दोरी ओढली. रेघा जुळतात का बघायला मान वळवली, तर रेघांच्या जागी कुंकू. मागून मामंजी म्हणाले, "मुहूर्त चाललाय, सोड."

वन्संनी सोडला. मोगऱ्याची एक पाकळी उडून त्यांच्या डोळ्यात गेली. बाण पेंढ्याकडे गेलाच नाही. तो वर गेला, आत्याबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून गेला, आणि मामंजींनी त्याच महिन्यात हौसेने बसवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत टप्प करून अर्धा घुसला.

एक थेंबही गळला नाही. बाणानेच भोक बुजवलेलं.

"कोणी हात लावू नका," मामंजी टाकीखाली जाऊन म्हणाले. "प्लंबरला बोलवा."

"अप्पा, बाण महागाचा आहे," असं म्हणत हे शिडीवर चढले आणि त्यांनी बाण उपसला.

पुढची पाच मिनिटं मामंजी काय म्हणत होते ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पापनाशमची आत्या मात्र हात जोडून म्हणाली, "अभिषेक झाला."

मी स्वयंपाकघरात पळाले. टाकीचं काही नाही हो, वन्संचा चेहरा मी पाहिला होता. बारा दिवस राहिलेले. मी डोळ्यांना पदर लावून बसले, तेवढ्यात कोच आले. (येताना त्यांना रस्त्यातच टाकी दिसली होती.) त्यांनी टाचणीने खाच कोरली. सोपटाचा तुकडा निघाला, चंदनाचा खडा निघाला, आणि एक आख्खी कळी निघाली.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," मी दारातून म्हणाले. "मीच सांगितलं दोन चाकांचं घ्या. मीच वरच्याला जास्ती लावलं. वन्सं, मला परत गडहिंग्लजला पाठवा."

"एका चाकाचं असतं तर वरच्या चाकाने एवढं मनावर घेतलं नसतं," कोच म्हणाले.

मामंजी टॉवेल गुंडाळून उभे होते. "मी काय म्हणत होतो..."

"तुम्ही आधी अंग पुसा," आत्याबाई म्हणाल्या.

वन्संनी माझा हात धरला. "वैनी, चाक साफ करायला जुना ब्रश आण. आणि रोज रेघा तूच बघायच्या. वाचता येतात ना तुला?"

बारा दिवस मी दात घासायच्या आधी चाकं घासली. दोन्हीकडे सारखी, मोजून. चेन्नईच्या यादीत वन्संचं नाव आलं, सगळ्यांत शेवटचं, पण आलं. माळा रिकामाच राहिला. टाकीच्या भोकात मामंजींनी एक बोल्ट ठोकला, आणि दर आयुधपूजेला त्यालाही टिकली लागते. ती मी लावत नाही. चंदनाची वाटी त्या दिवशी आत्याबाईंच्या कमरेलाच असते. मी लांबून नमस्कार करते.

पण माणसं मोठ्या मनाची. माझं मत अजून विचारतात. परवा नवा मिक्सर घ्यायचा होता, दोन भांड्यांचा की तीन. मामंजींनी मला समोर बसवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "पाहा, शिकलेलं माणूस" म्हणाले, आणि बाजारात जाऊन मी नको म्हटलेला घेऊन आले.