कुरडया आत, सायकली बाहेर

दर शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास मी आमच्या सायकलवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर हवेचा अंदाज टाकायचो. हे काम मला कुणी दिलेलं नव्हतं, मीच ते अंगावर ओढून घेतलं होतं. ग्रुपमध्ये आम्ही चौदा-पंधरा मराठी माणसं, सगळी दक्षिण बंगळुरूत राहणारी. शनिवारी चारला बनशंकरीहून निघायचं, कनकपुरा रस्त्याने झेपेल तितकं जायचं, वाटेत कॉफी प्यायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढाच आमचा पराक्रम. पण एप्रिल-मे महिन्यात इथे दुपारनंतर हवेचा काही भरवसा नसतो. तासाभरात आभाळ भरून येतं, आधी वारा सुटतो आणि मग वळीव कोसळतो. पावसाने माणूस नुसता भिजतो. वाऱ्याने मात्र सायकल हातातून जाते आणि झाडांच्या फांद्या रस्त्यावर येतात. म्हणून उन्हाळ्यात माझ्या अंदाजाला भाव असायचा.

नोकरीची तीस वर्षं मी एका सरकारी संशोधन संस्थेत वाऱ्याच्या बोगद्यावर काढली. बोगद्यात विमानाची छोटी प्रतिकृती टांगायची आणि तिच्यावर वारा सोडायचा, असं ते काम. तिथला वारा बटण दाबलं की सुरू व्हायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बंद. मी तिथले पंप आणि मोजमापाची यंत्रं सांभाळायचो. आभाळाशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण ग्रुपमध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, ‘अण्णा वाऱ्यातले आहेत,’ आणि मी ते खोडून काढलं नाही. माणसाला निवृत्तीनंतर असं काहीतरी लागतं.

तरी अंदाज मी मनापासून करायचो, हेही सांगायला हवं. गच्चीवर जाऊन देवळाचा झेंडा बघायचा, शेजारच्या माडाच्या झावळ्या बघायच्या, पूर्वेला ढगांचे ढीग चढतायत का ते बघायचं. मग खाली येऊन ऐटीत लिहायचं: ‘वारा पूर्वेचा, मध्यम. परतताना तोंडावर घ्यावा लागेल. पाण्याच्या दोन बाटल्या. सहाच्या आत परत.’ लोक खाली अंगठे टाकायचे. सगळ्यात पहिला अंगठा नेहमी निपाणीच्या मित्राचा.

तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. निपाणीजवळच्या एका गावचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि भाड्याचं घरही तिकडेच. दर शनिवारी तो तिथून सायकल हाणत बनशंकरीला यायचा. ‘अण्णा, तुमचं वाचल्याशिवाय मी सायकलला हात लावत न्हाई बघा,’ असं म्हणायचा आणि ते खरंही होतं. त्या वर्षी मे महिन्यात तो बंगळुरूहून आपल्या गावी सायकलने जाणार होता, सहा दिवसांत. त्याचे वडील पोस्टमन होते. सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली आणि ऐंशीच्या घरात आले तरी सायकल सोडली नव्हती. मुलगा गावाजवळ आला की ते आपली सायकल काढून हायवेपर्यंत त्याला सामोरे येणार, आणि तिथून दोघं बरोबर घरी जाणार, असं ठरलं होतं. दसऱ्यापासून तो तयारी करत होता. आमच्या शनिवारच्या फेऱ्या आमच्यासाठी मजा होती, त्याच्यासाठी सराव होता. मला हे सगळं ठाऊक होतं.

त्याच सुमारास पुण्याचा एक तरुण ग्रुपमध्ये आला. तो मोबाइलवरचा रंगीत नकाशा टाकायचा. त्यात वाऱ्याचे बाण हलायचे. ‘काका, ॲप तर क्लिअर म्हणतंय,’ असं तो अगदी आदराने म्हणायचा. त्या आदराचाच मला राग यायचा.

आणि एका शनिवारी मी तोंडघशी पडलो. ‘आज वादळ आहे, कुणीही निघू नये,’ असं मी ठणकावून लिहिलं, सगळे घरी बसले, आणि संध्याकाळ इतकी लख्ख गेली की विचारू नका. रात्रभर ग्रुपवर माझी यथेच्छ चेष्टा चालली. एकाने लिहिलं, छत्री घेऊन दूध आणायला गेलो होतो, छत्री कोरडी परत आणली. दुसऱ्याने लिहिलं, अण्णांचा वारा बोगद्यातच अडकला वाटतं. मीही हसरे चेहरे टाकले. पण जिव्हारी लागलं होतं. आठवडाभर मी बायकोवर उगाच डाफरत होतो.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे कुरडयांचा घाट होता. बंगळुरूला येऊन पस्तीस वर्षं झाली तरी हिने उन्हाळ्यातलं वाळवण सोडलेलं नाही. गहू बसवनगुडीच्या बाजारातून आणायचे, तीन दिवस भिजत घालायचे, चीक काढून शिजवायचा आणि पहाटे उठून गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घालायच्या. त्या एकदा भिजल्या की सगळी मेहनत मातीत. म्हणून हवेचा अंदाज माझ्याकडे सगळ्यात आधी मागते ती बायको. ग्रुप नंतर.

दोनला आम्ही दोघं वर गेलो. दिवसभर वाहणारी झुळूक एकदम पडली होती. झेंडा काठीला चिकटून होता. अंगाला चिकचिक, आणि पूर्वेला, घरांच्या वर, पांढरे ढग चढून त्यांचं बूड काळं पडलेलं. शेजारच्या गच्चीवरच्या अक्का आपल्या मिरच्या गोळा करत होत्या. ‘मळे बरुत्ते,’ त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, पाऊस येतोय म्हणून. त्यांनी सांगायची गरज नव्हती.

‘उचल सगळं,’ मी हिला म्हणालो. ‘तीनच्या आधी आत ने. आज नक्की येणार, आणि वाऱ्यासकट येणार.’

‘गेल्या शनिवारीही नक्कीच होतं,’ ही म्हणाली.

‘आज माझं ऐक.’

तिने ऐकलं. आम्ही दोघांनी मिळून ओलसर कुरडया कागदासकट खाली आणल्या आणि पंख्याखाली पसरल्या. मग मी खुर्चीत बसलो आणि मोबाइल उघडला. पुण्याच्या मुलाने नकाशा आधीच टाकून ठेवला होता. बाण छोटे, रंग हिरवा, ढग नाही. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘अण्णा, आज छत्री आणू का?’

मी लिहिलं: ‘आकाश निरभ्र. वारा मंद. निर्धास्त निघा.’

बोटांना कुरडयांचा चीक लागलेला होता, मोबाइलच्या काचेवर त्याचे डाग पडले. ते मी धोतराने पुसले. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘घरी पाहुणे येणार असल्याने मी आज नाही.’ पाहुणे येणार नव्हते.

तेव्हा मी मनाला काय सांगितलं हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. कदाचित येणारही नाही, असं सांगितलं असावं. पाऊस आलाच तर ॲपही चुकलं म्हणता येईल, आपण एकटे पडणार नाही, असंही सांगितलं असावं. पण खरं एवढंच, की मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. आणि मी घरी थांबलो, याचा अर्थ मला काय होणार ते माहीत होतं. पहिला अंगठा निपाणीच्या मित्राचा आला.

पाचनंतर अंधारून आलं. आधी धूळ उठली, मग माडाच्या झावळ्या एका बाजूला वळल्या, कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा धडधडला. मी बाल्कनीत उभा होतो. इथे एक गोष्ट लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. त्या पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. माझं बरोबर होतं म्हणून बरं वाटलं. मग रस्त्यावरच्या माणसांची आठवण झाली. ‘सगळे कुठे आहात?’ असं मी ग्रुपवर विचारलं. बराच वेळ कुणाचं उत्तर आलं नाही.

सातच्या आसपास पुण्याच्या मुलाचा फोन आला. बाकीचे एका हॉटेलात शिरले होते. निपाणीचा मित्र पुढे होता, एकटा, सराव म्हणून. वाऱ्याच्या झोताने त्याची सायकल आडवी फेकली, वर झाडाची फांदी पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं, मनगटही गेलं. पुण्याच्याच मुलाने त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. ‘काका, ॲपनेही दाखवलं नव्हतं,’ तो म्हणाला. माझीच समजूत घालत होता.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘हवेत अनपेक्षित बदल. क्षमस्व.’ सगळ्यांनी मला धीर दिला. अंदाज तो अंदाजच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. निपाणीच्या मित्राने दवाखान्यातून, बहुधा डाव्या हाताने, लिहिलं: ‘अण्णा, वाऱ्याला काय विचारून यायचं असतंय. सोडा की ओ.’ मी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. हिने डबा बरोबर घेतला होता. त्यात काय आहे हे मी विचारलं नाही आणि तेच चुकलं. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. सायकल भिंतीला उभी, पुढचं चाक काढलेलं. मे महिन्याचं जाणं अर्थातच रद्द झालं होतं. ‘वडील म्हणाले, पुढच्या वर्षी ये, मी काय पळून जातोय होय,’ तो हसत म्हणाला.

हिने डबा त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने कुरडया पाहिल्या आणि लगेच तेल तापवून चार-पाच तळून आणल्या. तिच्या माहेरची आठवण झाली असावी. निपाणीच्या मित्राने डाव्या हाताने एक तुकडा मोडला.

‘चांगल्या फुलल्यात वहिनी.’

‘थोडक्यात वाचल्या हो,’ ही म्हणाली. ‘तुम्ही पडलात ना, त्याच दिवशीच्या. गच्चीवर पसरलेल्या होत्या. ह्यांनी दोनलाच सांगितलं, आज वाऱ्यासकट येणार, उचल. मी म्हटलं कशाला, पण ऐकलं म्हणून बरं.’

तुकडा त्याच्या तोंडाजवळ तसाच राहिला. ही बोलता बोलता थांबली. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने पदर उगाच सारखा केला. स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला बोलता आलं असतं. मी जमिनीकडे, त्या चाक काढलेल्या सायकलीकडे बघत राहिलो.

‘सरी,’ तो शेवटी हळूच कानडीत म्हणाला, ठीक आहे म्हणून. मग हिच्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाला, ‘अण्णांचा अंदाज कधी चुकत न्हाई, वहिनी.’ आणि तो तुकडा त्याने खाल्ला.

परतताना बस उड्डाणपुलावर चढेपर्यंत ही खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतंत?’

‘नव्हतं.’

‘पण मला तर सांगितलंत.’

  घरी आल्यावर उरलेल्या कुरडयांचा डबा तिने माळ्यावर ठेवून दिला आणि त्या वर्षी पुन्हा काढला नाही.

त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. त्याला सगळं कळलंच आहे, आता बोलून काय, असं मी स्वतःला सांगत आलो. ग्रुपवर अंदाज टाकणं मी बंद केलं, गुडघ्याचं निमित्त सांगून. कुणी फारसं विचारलंही नाही, नकाशा होताच. त्याचं हाड जुळलं, तो परत सायकल चालवू लागला. दिवाळीत त्याच्या वडिलांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी सायकल विकून टाकली, हे मला ग्रुपवरूनच कळलं.

यंदा एप्रिलमध्ये हिने पुन्हा गहू भिजत घातले. शनिवारी दुपारी अडीचला तिचा मोबाइल वाजला. ती गच्चीवरून नुकतीच खाली आली होती, हात ओले, म्हणून तिने तो मेजावर ठेवून स्पीकरवर घेतला. मी समोरच बसलो होतो.

‘वहिनी, तुमचा निपाणीवाला बोलतोय,’ तो म्हणाला. ‘चारला निघावं म्हणतोय. वाळवण बाहेर हाय का आत?’

हिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

‘बाहेर आहे,’ ती म्हणाली. ‘जाऊन या.’

तेव्हापासून दर शनिवारी तो तिलाच फोन करतो. वाळवण संपून गेलं तरी ही दोनला चार कुरडया घेऊन गच्चीवर जाते, आभाळ बघून त्या तिथे ठेवते नाहीतर परत आणते, आणि खाली येऊन त्याच्या फोनची वाट बघते.