आईला पाठ न दाखवणारी मोटार

तरुणपणी मला दोन गोष्टींचा ताठा होता. एक माझं सरळ नाक, आणि दुसरी माझी सातवी पास. नाक अजून आहे, सातवीतलं काही शिल्लक नाही. पण तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरात सून म्हणून आले तेव्हा सगळं जग मला पाठ होतं. देवाचं तेवढं खरं वाटत नव्हतं. गाभाऱ्यातून निघताना आईला, म्हणजे तुळजाभवानीला, पाठ दाखवायची नाही, तिच्याकडं तोंड ठेवून मागं मागं सरायचं, ही आमच्याकडची रीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा सरत निघाल्या की कुणाच्या तरी तांब्याला पाय लागायचा, कुणाच्या तरी पोटात कोपर जायचं. मला हसू यायचं. जी सगळीकडं आहे म्हणता, तिला पाठ कशी दिसत नाही, असं मी एकदा विचारलंही होतं. त्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तिला सगळं दिसतं गं बाई. आपल्याला ती दिसत राहावी म्हणून सरायचं." मला ते उत्तर कळलं नाही. सातवी पास बाईला न कळण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

आमचे हे त्या वेळी पूजेची पाळी भावांवर टाकून मोटारीच्या नादी लागले होते. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, आणि एका जहागीरदाराच्या वाड्यामागं त्याची जुनी लांबलचक मोटार उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती यांनी बैल जुंपून घरी आणली. सोलापूर स्टेशनावरून यात्रेकरू आणायचे, असा बेत. तिचं इंजिन पार जाम झालं होतं. मग मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन मिळवलं, आणि त्याच्या जोराला जुना सांगाडा पुरेना म्हणून मागची चाकं फिरवणारा आसही त्याच गाडीचा घातला. हे काम नळदुर्गाच्या महबूबमिस्त्रींनी केलं. मोठा हौशी माणूस.

सगळं जोडून झालं. सगळी गल्ली बघायला जमली. यांनी पहिला गिअर टाकला आणि मोटार सणकन मागं जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. दुसरा टाकला तर आणखी वेगानं मागं. मागं जायचा गिअर टाकला, तेव्हा कुठं ती पुढं आली. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. इंजिनाकडून येणारा दांडा मागं आसाला मिळतो, तिथं एक मोठं दातेरी चाक असतं. ते त्यांनी उलट्या अंगाला बसवलं होतं. "चल तो रई ना, भाभी," असं मलाच म्हणून ते हत्यारं आणायला नळदुर्गाला निघून गेले. यांना कुठला दम निघायला? त्या एकुलत्या पुढं जाणाऱ्या गिअरावर यांनी गावभर मोटार मिरवली आणि त्या गिअराचे दात झडून गेले. आता मागं जायचे तीन गिअर होते, पुढं जायचा एकही नव्हता. शिवाय दांड्याची लांबी जमली नव्हती. वेग घेतला की तळातून कुणी घण मारतंय असे दणके बसत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आत्याबाईंबरोबर मी दर्शनाला गेले. कडेवर लेक, नुकती पावलं टाकायला लागलेली. आत्याबाई मागं सरत होत्या आणि मी त्यांच्या पुढं, उंबऱ्याकडं तोंड करून, गर्दीतून वाट काढत. पदर सारखा करायला मी मध्येच थांबले. त्या पाठीमागून येऊन माझ्यावर आदळल्या. त्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेचा दोरा तटकन तुटला आणि फरशीवर कवड्याच कवड्या. मी लेकीला खाली बसवून कवड्या वेचल्या. मनात म्हणत होते, घ्या आता, चाला उलटं.

घरी आलो आणि लेक खोकली. मग खोकता खोकता तिचा आवाजच बंद झाला. श्वास आत ओढताना बारीक शिट्टी वाजायची आणि ओठ जांभळे पडत चालले. आत्याबाईंनी तिच्या तोंडात बोट घातलं. कवडी लागत होती, हाती येत नव्हती. आणखी आतच जाईल अशी भीती. गावातले डॉक्टर बाहेरगावी. सोलापूरची बस नुकतीच सुटलेली. माझी अवस्था कशी होती ते मला सांगता येत नाही. रडू येत नव्हतं. मी चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, तेवढं आठवतं. पोरीचा जीव चाललाय आणि मी दूध उतू जाऊ देत नाही.

हे म्हणाले, बस घाटाखाली विहिरीवर इंजिनात पाणी भरायला थांबते. तिथं तिला गाठू. मोटार मागं तर मागं, पण जाते. मी पोरीला घेऊन आत बसले. मोटारीचं तोंड गावाकडं, पाठ सोलापूरकडं, आणि आम्ही निघालो.

वेशीपाशी आलो आणि हे थांबले. मागची काच जुनी, पिवळी पडलेली, तिच्यातून काही दिसत नव्हतं. मान बाहेर काढावी तर एकच अंग दिसे. पुढं घाट, एका बाजूला दरी. तेवढ्यात देवीचा जोगवा मागणारी एक आराधीण आडवी आली. कपाळभर मळवट, काखेत परडी, तोंडात तंबाखूचा बार. तिनं आत वाकून पोरीकडं पाहिलं, आणि परवानगी वगैरे न विचारता दारापाशी पायफळीवर चढून उभी राहिली. एका हातानं खिडकी धरलेली, तोंड सोलापूरकडं.

"चल बाबा," ती यांना म्हणाली. "तुज्या गाडीला लाज हाय. आईला पाठ दावंना."

मी चमकून वर पाहिलं. समोरच्या काचेत तुळजापूर दिसत होतं, आणि ते हळूहळू लांब होत होतं. मी आईकडं तोंड करून मागं मागं सरत होते. माझ्या मर्जीनं नाही. मोडक्या गिअरानं मला तसं बसवलं होतं. मी देवीला काही मागितलं नाही, नवसही बोलले नाही. मागायला तोंडच नव्हतं. मी फक्त त्या बाजूला बघत राहिले.

उलट्या गाडीत डावं-उजवं कुणाचं धरायचं? यांचा गोंधळ व्हायला लागला. आराधिणीनं ते दोन्ही शब्द वापरलेच नाहीत. "डोंगराच्या अंगाला घे," म्हणायची. "आता दरीच्या अंगाला, थोडं. बास." वळणं एकामागून एक गेली. मग मला म्हणाली, "अगं, पोरीला उताणी काय धरलीस? पालथी घाल मांडीवर. डोकं खाली सोड." मी घातली. घाट सरत आला, यांनी विहिरीपाशी उभी बस पाहिली आणि तिसरा गिअर टाकला. तळातून घण बसायला लागले. दण, दण, दण. माझे दात एकमेकांवर आपटत होते. पोरीच्या पोटाखाली माझी मांडी उडत होती. एक दणका असा बसला की आराधीण पडता पडता राहिली, आणि माझ्या पायाशी काहीतरी टक्कन वाजलं.

कवडी होती.

लेकीनं श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की बसमधले लोक खाली उतरले. त्यांना दिसलं ते असं: पाठीकडून धावत येणारी मोटार, बाहेर लटकलेली मळवटाची बाई, आत रडणारं पोर, आणि त्याच्याहून मोठ्यानं हसणारी-रडणारी मी. कंडक्टरनं हात जोडले. आम्हाला की आराधिणीला, ते मला कळलं नाही. आराधीण पायफळीवरून उतरली, पचकन थुंकली आणि त्याच बसमध्ये चढून बसली. आभार मानायला मी गेले तर म्हणाली, "म्या कुठं काय केलं? मला बस गाठायची होती."

गावात लगेच झालं, ती साक्षात आईच होती. मीही दोन वर्षं तेच धरून बसले होते. एकदम अविश्वास सुटला की माणूस काहीही धरतं. मग एका यात्रेत ती मला भेटली. बार्शीकडची बाई, गुडघे दुखत होते, सुनेशी पटत नव्हतं. आम्ही शेंगा खात बोलत बसलो. ती देवी नव्हती, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट आश्चर्य वाढलं. बस गाठायला निघालेली बाई, चुकीच्या अंगाला बसलेलं चाक, न जुळलेला दांडा, यांचा उतावळेपणा. यातलं एकही नीट असतं तर माझी लेक हाती लागली नसती. कुणी कसं घडवलं, ते मी शोधत नाही. शोधायचा ताठा त्या घाटात उतरला.

महबूबमिस्त्रींनी नंतर मागच्या आसाचा डबा उघडला आणि चाक सरळ अंगाला बसवलं. दात झडलेला गिअर बदलला, दांडाही कापून जुळवला. मोटार शहाण्यासारखी पुढं जायला लागली. तेव्हा आत्याबाईंनी यांना एकच अट घातली, आणि ती आमच्या घरात अजून पाळली जाते. दर्शन करून निघालो की गाडी वेशीपर्यंत मागं मागं न्यायची, मगच वळवायची. नातवाच्या नव्या गाडीत मागचं दाखवणारा पडदा आहे. तो त्या पडद्याकडं बघतो. मी समोरच्या काचेतून बघते.

ती कवडी आत्याबाईंनी माळेत परत ओवली. माळ आता माझ्या गळ्यात आहे. गर्दीत मागं सरताना मी लोकांच्या तांब्यांना पाय लावते, कोपरं मारते, आणि एखादी नवी सून हसताना दिसली की तिला हसू देते. मी आईला खुशाल पाठ दाखवली होती. तिनं माझ्याकडचं तोंड फिरवलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे.