फाटककाकांची गाठ

आमच्या वस्तीमागे राखलेलं रान आहे. आधी चढणीचं जंगल, मग गवताळ माळ आणि माळाला लागून एका शेतकऱ्याचा मका. जंगलातून गेलं की माणसाला धाप लागते. शेताच्या कडेची वाट मात्र सपाट. गुडघ्यांनी दगा दिलेल्या शेजारच्या काकूंना काठी टेकत माळापर्यंत जाता येतं, ते याच वाटेने.

शेत आणि माळ यांच्यामध्ये लाकडी फाटक आहे. माळावर गाई चरतात. मागे कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि गाईंनी मक्याचा फडशा पाडला. ''पुन्हा असं झालं तर वाट बंद,'' शेतमालकाने ठणकावून सांगितलं. काकूंच्या यजमानांनी तेव्हापासून फाटक अंगावर घेतलं, म्हणून ते फाटककाका. उभा जन्म गोदामात माल बांधण्यात गेलेला. फाटकाच्या दोरीला त्यांची गाठ अशी, की गाईने शिंगं घासली तरी ढिम्म. एक टोक ओढलं की सरकन मोकळी. सकाळभर फाटकाशी दगडावर बसायचे. कुणी दोरीला हात घातला की म्हणायचे, ''राहू दे गं पोरी, मी आहे ना!''

मग गेल्या आठवड्यात जंगलात झाडाच्या मुळीत पाय अडकून त्यांचा घोटा मुरगळला.

''फाटकाचं कसं व्हायचं गं?'' काकू मला म्हणाल्या. नवऱ्याच्या पायाला शेक देता देता डोळे वाटेकडे.

''देव आहे, आणि आम्ही आहोत,'' मी म्हटलं.

आम्ही होतोच, पण जरा जास्तच. आधीच्या माणसाच्या गाठीवर कुणाचाच भरवसा नाही. जो तो फाटकावरून चढून जायचा आणि जाताना वर आपली एक गाठ मारायचा. मी जुन्या परकराची नाडी बांधून आले.

आज सकाळची प्रार्थना आटोपून मी काकूंना घेऊन निघाले, तर फाटकापाशी ट्रॅक्टर उभा. मागे गाईंसाठी पाण्याची टाकी, पलीकडे तहानलेल्या गाई हंबरतायत आणि शेतमालक गाठी सोडवताना नखं मोडून घेतोय.

''फाटक आहे की गाठोडं? उद्यापासून कुलूपच घालतो. ना वाट, ना कटकट!''

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. देवा, म्हातारीची एवढी वाट राहू दे, मी मनात म्हटलं आणि आमच्या ह्यांना फोन लावला.

हे फाटककाकांना खांद्याचा आधार देत घेऊन आले. काका लंगडत दगडावर टेकले, गाठींकडे बघितलं आणि हसण्याने त्यांचं पोट हलायला लागलं.

''ही बुटाच्या लेससारखी कुणाची?''

''माझी,'' आमचे हे खाली बघत म्हणाले.

''वाटलंच. आणि ही नाडी?''

''विचारू नका काका!'' मी पदर तोंडाला लावला.

शेतमालकही हसू दाबत होता. काका बोलत बोलत एकेक गाठ सोडत गेले. टाकी आत गेली, गाईंनी पाण्यात तोंडं घातली.

''काका,'' शेतमालक परत येऊन म्हणाला, ''या लोकांनी मलाच आत जाऊ दिलं नाही, गाईंची काय बिशाद! वाट राहू दे. पण ह्या सगळ्यांना गाठ बांधायला शिकवा.''

''चूक माझीच,'' काका म्हणाले. ''मीच कुणाला हात लावू दिला नाही.''

मग दगडावरच शाळा भरली. ह्यांची गाठ दोनदा सुटली. माझी तिसऱ्यांदा जमली. शेवटी काकूंनी काठी माझ्या हातात दिली, फाटकातून माळावर गेल्या, वळून स्वतः दोरी ओवली आणि ओढून बघितली. घट्ट.

''बसा तुम्ही आता निवांत,'' त्या नवऱ्याला पलीकडून म्हणाल्या. ''मी येते फिरून.''

आणि काठी माझ्याकडेच आहे हे ध्यानात आल्यावर, हात पुढे करून हसल्या. देवा, तुझे फार उपकार.