सहा प्रकारची माणसं

माझ्या धाकट्या मावशीच्या मते जगात एकूण सहाच प्रकारची माणसं होती आणि त्यांतल्या पाच प्रकारची नाचणगावात राहत होती. हिरॉईन, हिरॉईनची मैत्रीण, हिरोचा मित्र, व्हिलन आणि हिरॉईनचा बाप. हिरो तेवढा अजून यायचा होता. हे शास्त्र तिनं पुलगावच्या टॉकीजमध्ये, बायकांच्या बाजूच्या बाकावर बसून, कॉलेजातल्या पोरापोरींचे सिनेमे पाहून पाहून कमावलं होतं. खरं कॉलेज तिनं कधी बाहेरूनही पाहिलं नव्हतं. ती मॅट्रिकला होती. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आमच्या गावात हायस्कूल नाही म्हणून आजोळी शिकायला राहिलेली. आजी आम्ही लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात आबाजी म्हणजे माझे आजोबा, मावशी आणि मी एवढेच. आई नसण्याबद्दल मावशी कधी रडलेली मला आठवत नाही. "हिरॉईनले आई नसतेच," असं एकदा भाकरी थापता थापता म्हणाली आणि पुढची भाकरी जरा जोरात थापली.

सिनेमातल्या कॉलेजाचे नियम तिला पाढ्यांसारखे पाठ होते. हिरो वर्षभर पुस्तक उघडत नाही आणि पहिला येतो. त्याचा मित्र सारखा खात असतो आणि नापास होतो, आणि तो नापास झाला की टॉकीजभर हशा होतो. प्रोफेसरला टक्कल असतं. व्हिलनच्या गळ्यात रुमाल असतो. टेनिसची रॅकेट सगळ्यांच्या हातात असते, टेनिस कोणीच खेळत नाही. हिरॉईनचा बाप गाऊन घालून जिना उतरतो, अर्ध्यावर थांबतो आणि 'नाही' म्हणतो. हिरॉईनच्या मैत्रिणीला मात्र एकच काम, हिरॉईन काहीही बोलली की तोंडावर हात धरून हसायचं. ही मैत्रीण म्हणजे मी. मी ते काम इतक्या इमानानं करायची की एकदा विहिरीवर मावशी घागरीसकट घसरून पडली तेव्हाही सवयीनं हसले. "आता नाई हासाचं वं!" चिखलातूनच ती ओरडली.

हिरो ओळखण्याची खूण म्हणजे टक्कर. धक्का लागतो, पुस्तकं पडतात, तो वाकून उचलतो, आणि पुढचं सारं आपोआप होतं. मावशीनं आपल्याच वर्गातला, गावातल्या सुताराचा उंच मुलगा हेरला, कारण त्याच्याकडे सायकल होती. शाळेच्या वळणावर ती पुस्तकं छातीशी धरून उभी राहिली आणि तो दिसताच सरळ त्याच्या चाकापुढे गेली. पुस्तकं पडली. तोही पडला. मावशी पापण्या खाली घालून वाट पाहत राहिली.

"आंधळी हायेस काय वं? चैन उतरली ना माही!"

"पुस्तकं उचल," मावशी हळूच म्हणाली.

"तुले हात नाई काय?"

त्याच दुपारी तो व्हिलन ठरला. त्याच्या गळ्यात रुमाल नव्हता ही एक अडचण होती. पण उन्हाळा लागला, त्यानं उन्हासाठी गळ्याला दुपट्टा गुंडाळला, आणि मावशीनं असं माझ्याकडे पाहिलं की जणू तिनं न्यूटनसारखा शोध लावला होता. तो समोरून आला की आम्ही रस्ता बदलायचो. तोही बदलायचा, बहुधा सायकलच्या काळजीनं.

परीक्षा झाली आणि देवळीकडून एक स्थळ आलं. पाहुणे आबाजींशी ओसरीवर तासभर बोलून गेले. मावशीच्या पेटीत तोवर एक कागद येऊन पडला होता, वर्धेला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाण्याचा फॉर्म. त्याची खबर फक्त मला होती. मावशी एकाएकी सिनेमाचं बोलेनाशी झाली. नापास झाली तर फॉर्म कामाचा नव्हता, पास झाली तरी आबाजींना विचारायचं होतं, आणि विचारलं की बाप काय म्हणतो ते तिला पाठ होतं.

निकालाचा पेपर रेल्वेनं पुलगावला यायचा. त्या दिवशी भर दुपारी आमच्या फाटकाशी सायकलची घंटी वाजली. व्हिलन होता. मी कोपऱ्यातली काठी हातात घेतली.

"तुहा नंबर हाये!" तो धापा टाकत म्हणाला.

मावशीनं पेपर ओढून घेतला, बोट फिरवत फिरवत आपला नंबर गाठला, आणि बोट तिथून हलेचना. मग एकदम विचारलं, "अन् तुहा?"

तो सायकलकडे पाहायला लागला. "माहा नाई."

मी मावशीकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"मंग इतक्या उन्हाचा काऊन आला?"

"तुले कोन सांगनार होतं?"

मावशी आत गेली, गुळाचा खडा आणि पाण्याचा लोटा घेऊन आली. तो पाणी प्यायला. "गनितातच गेला असशील," ती म्हणाली. "उद्यापासून येजो. मी शिकवीन." तो गेल्यावर ती संध्याकाळपर्यंत पेपरची घडी घालत आणि उलगडत बसली. सहा प्रकारांपैकी कोणत्यात त्याला बसवायचं, ते तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापाशी सामना करायचं ठरवलं. भाषण वहीत लिहून, माझ्यापुढे चारदा म्हणून झालं होतं. आमच्या घराला जिना नव्हता, माळ्याची शिडी होती. आबाजी सरकीची टोपली डोक्यावर घेऊन ती उतरत असताना मावशी खाली उभी राहिली.

"पिताजी! जमाना बदल गया है!"

आबाजी अर्ध्या शिडीवर थांबले. मावशीचा धीर सुटला आणि हिंदीही सुटली. "मले लगन नाई कराचं आत्ता. मले वर्धेले जाचं हाये, मास्तरीन व्हाचं हाये, तुमी नाई म्हनसान तं मी..."

"टोपली धर आंधी," आबाजी म्हणाले.

तिनं धरली. ते खाली आले, धोतर झटकलं. "वर्धेले सकाळची गाडी किती वाजता जाते?"

वहीची तीन पानं अजून बाकी होती. "तुमी एकदा नाई तं म्हना!" मावशी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काऊन म्हनू? त्या पाव्हन्यायले मी तवाच सांगतलं, पोरगी शिकून राह्यली म्हनून."

मग मात्र ती टोपली पोटाशी धरून रडली.

जाईपर्यंत रोज सकाळी ती सुताराच्या मुलाला ओसरीवर बसवून गणित शिकवत होती आणि चुकला की पट्टी आपटत होती. वर्धेहूनही पोस्टकार्डावर उदाहरणं पाठवायची. पुढल्या वर्षी तो पास झाला. त्यानं निकाल कळवायला तिला तार केली, आणि तार म्हणजे कोणीतरी गेल्याचीच बातमी, असं समजून होस्टेलवर आधी रडारड झाली, असं तिनंच मला लिहिलं.

ती वर्धेला निघाली त्या दिवशी तिला पोचवायला आबाजी आणि मी पुलगावच्या स्टेशनावर गेलो होतो. गाडी हलली, मावशीनं खिडकीतून हात काढला, आणि वळणापर्यंत तो हात दिसत राहिला. परतीच्या वाटेवर आबाजी सावकाश चालत होते. त्यांनी जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता. नाचणगावची झाडं दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय वं, त्या सिनेमात बापाचं शेवटी काय होते?"

मला ठाऊक होतं. बाप दारात उभा राहतो, मोटर धुरळा उडवत निघून जाते, आणि पडद्यावर 'समाप्त' येतं. त्याच्यापुढे त्याचं काय होतं, हे कोणी दाखवत नाही.

"पोरगी दिवाळीले घरी येते, आबाजी," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले, आणि जरा भरभर चालायला लागले. घर लवकर गाठलं तर दिवाळीही लवकर येणार होती जणू.